जीआयएसच्या इंटर्नशिपमध्ये नुसतं डिजिटायझिंगच करून घेतात, सोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूगोलाच्या पदवीचं शेवटचं वर्ष, तीन महिन्यांची जीआयएसची (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणाऱ्या प्रणालीची) इंटर्नशिप, त्यातला एक महिना संपला. या महिन्यात काम एकच, डिजिटायझिंग. सॅटेलाइट इमेज उघडायची आणि तिच्यावर दिसणाऱ्या इमारतींच्या कडा माउसने काढत बसायचं. वर्गातली बाकीची मुलं पायथन, रिमोट सेन्सिंग, वेब मॅप अशी नावं घेतात. शिवाय हे काम उद्या एआयच करणार, असं सगळे सांगतात. मग सोडावं का? आणि नाही सोडलं तर रेझ्युमेवर लिहायचं काय? आणि सॉफ्टवेअर कुठलं शिकावं, विकतचं आर्कजीआयएस की मोफत मिळणारं क्यूजीआयएस?

मी बरीच वर्षं या क्षेत्रात आहे. सुरुवातीला हेच काम केलं, पुढे इतरांचं असं काम तपासलं आणि आता मुलाखतीही घेते. तुमचा मजकूर वाचताना एका वाक्यावर थांबले. तुम्ही लिहिलंय, 'संध्याकाळी फाइल सर्व्हरवर टाकतो, पुढे तिचं काय होतं ते माहीत नाही.' खरी अडचण मला तिथे दिसते. डिजिटायझिंग तुम्हाला पायथन शिकण्यापासून अडवत नाही. केलेलं काम परत तुमच्यापर्यंत येतच नाही, त्यामुळे एक महिना राबूनही आपण बरोबर करतोय की चूक, हे तुम्हाला सांगता येत नाही.

सोडायचं की नाही हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यातल्या काही मला इथून दिसत नाहीत. पदवीच्या गुणांत ही इंटर्नशिप धरली जाणार असेल तर सोडण्याचा विषयच संपला. उरलेले दोन महिने कसे वापरायचे एवढंच बघायचं. मानधन मिळतं का, दुसरी जागा हातात आहे का, तिथे शिकवायला खरंच कोणी आहे की तिथेही हेच, हे तुम्हालाच ठाऊक. पण या सगळ्याच्या आधी मी एक गोष्ट बघेन. तुमची फाइल कोणी तपासतं का, आणि तपासल्यावर चुका तुम्हाला दाखवल्या जातात का? क्यूसी (दर्जाची तपासणी) करणारी व्यक्ती खुणा करून फाइल परत पाठवत असेल तर काम कितीही कंटाळवाणं असो, थांबा. क्यूसी होतं पण चुका परस्पर दुरुस्त होतात अशी पद्धत असेल, तर चुकांची यादी मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ती मिळते, फक्त कोणी मागत नाही. आणि तपासणी नावाचा प्रकारच नसेल, महिन्याला किती पॉलिगॉन (कडा काढून बंद केलेले आकार) झाले एवढंच मोजत असतील, तर दुसरं बघायला लागा. त्या ठिकाणी तीन महिन्यांनीही तुम्ही आज जिथे आहात तिथेच असाल, फक्त हात वेगाने चालेल.

तुमच्याकडे क्यूसी आहे असं धरून पुढचं लिहिते, कारण सर्व्हरवर रोज फाइल मागवून घेणारी संस्था शक्यतो ती कुठेतरी तपासत असते.

डिजिटायझिंगला हमाली म्हणायची पद्धत आहे. म्हणोत बापडे. जीआयएसची सुरुवात झाली तेव्हाही ही हमाली चुकली नव्हती. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमिनीच्या नोंदींसाठी पहिली मोठी भौगोलिक माहिती प्रणाली उभी केली, तेव्हा कागदी नकाशे संगणकात घालायचे कसे, हाच मोठा अडसर होता आणि त्यासाठी खास ड्रम स्कॅनर बनवून घ्यावा लागला. आज इमेज आयती मिळते, पण तिच्यात काय दिसतंय हे ठरवण्याचं काम तसंच राहिलंय. तुम्ही दिवसभर तेच ठरवत असता. फक्त ठरवतोय हे लक्षात येत नाही, आणि तिथेच शिकणं निसटतं.

उदाहरण घ्या. इमेज अगदी वरून घेतलेली नसेल तर उंच इमारत एका बाजूला कललेली दिसते. छत एकीकडे, पाया दुसरीकडे. तुम्ही कड कशाची काढता? छताची कड स्वच्छ दिसते म्हणून नवीन माणूस तीच काढून पुढे जातो. पण जमिनीवरची जागा पायाची असते. इमारत ३० मीटर उंच असेल आणि इमेज घेताना नजर उभ्या रेषेपासून २० अंश तिरकी असेल, तर छत पायापासून साधारण ११ मीटर सरकलेलं दिसतं. तेवढ्यात ती इमारत रस्त्यात येऊन बसते. म्हणून छताचा आकार काढून तो पॉलिगॉन उचलून पायाशी नेऊन ठेवायचा, अशी पद्धत आहे. 'पण आमची इमेज ऑर्थो केलेली (मोजमापासाठी भौमितिक दुरुस्ती केलेली) आहे' असं कोणी म्हणालं तर विचारा, कशासाठी दुरुस्त केलेली? नेहमीची ऑर्थो इमेज जमिनीच्या चढउतारासाठी दुरुस्त केलेली असते. इमारतींच्या उंचीसाठीही दुरुस्ती करायची तर वेगळी, महाग प्रक्रिया लागते.

दुसरं, झूम. जितकं जवळ जाऊ तितकं अचूक, असं वाटतं. तसं नाही. पिक्सेल ५० सेंटिमीटरचा असेल तर एका मर्यादेपलीकडे तुम्ही इमारतीची कड काढत नसता, पिक्सेलच्या पायऱ्या काढत असता. भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोब्लर यांनी यासाठी एक सोपा हिशेब देऊन ठेवला आहे. नकाशाचं जे प्रमाण आहे त्यातल्या मोठ्या आकड्याला १००० ने भागा. येईल तेवढ्या मीटरची वस्तू त्या नकाशावर ओळखता येते, आणि पिक्सेल त्याच्या निम्मा हवा. हेच उलटं केलं तर ५० सेंटिमीटरच्या इमेजवर १:१००० च्या आसपास काम करणं रास्त ठरतं. एखादी अवघड कड बघायला थोडं आत गेलात तर बिघडत नाही, पण दिवसभर १:१०० वर बसलात तर वेळही जातो आणि कडा नागमोडी होतात. सगळ्या टीमने एकाच झूमवर काम करणं तर त्याहून महत्त्वाचं, नाहीतर शेजारच्या दोन शीटमधली घरं वेगवेगळ्या माणसांनी काढली आहेत हे लांबूनही दिसतं.

आणि 'एखाद्या पिक्सेलने काय होतंय' असं वाटत असेल तर हा हिशेब करून बघा. १० मीटर बाय १० मीटरचं घर, क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. चारही कडा एकेका पिक्सेलने, म्हणजे अर्ध्या मीटरने, बाहेर गेल्या. घर झालं ११ बाय ११, क्षेत्रफळ १२१. थेट २१ टक्के वाढ. त्या क्षेत्रफळावरून कोणी कर आकारणार असेल किंवा छतावर किती सौर पॅनेल बसतील ते काढणार असेल, तर तुमचा तो एक पिक्सेल किती महागात जातो बघा. मोठ्या गोदामाला तीच चूक जेमतेम जाणवते. म्हणजे किती अचूक काढायचं हे वस्तूच्या आकारावर आणि पुढच्या वापरावर ठरतं. म्हणूनच फाइल पुढे कुठे जाते हे माहीत असणं कामाचाच भाग आहे, फावल्या वेळातली उत्सुकता नाही.

असे निर्णय आणखी कितीतरी. भिंतीला भिंत लागून असलेली चार घरं एक पॉलिगॉन की चार? अर्धं छत झाडाखाली असेल तर अंदाजाने पूर्ण करायचं की दिसतंय तेवढंच काढायचं? बांधकाम चालू असलेली इमारत धरायची का? पत्र्याची शेड? सावलीत बुडालेली कड? यांची उत्तरं प्रकल्पाच्या स्पेसिफिकेशनमध्ये (काय आणि कसं काढायचं याच्या लेखी नियमांत) असायला हवीत. तुम्ही ते वाचलंय का? अनेक ठिकाणी इंटर्नला ते दाखवतच नाहीत, पहिल्या दिवशी शेजारच्याकडून तोंडी ऐकलेल्यावर काम चालतं. मागून घ्या. नसेलच, तर गेल्या महिनाभरात तुम्ही स्वतः अशा प्रसंगी काय करत आलात ते लिहून काढा. एक-दीड पान होईल, प्रत्येक मुद्द्याला एक स्क्रीनशॉट. ते पान घेऊन सुपरवायझरकडे जा आणि म्हणा, मी असं करतोय, बरोबर आहे का? माझ्या अनुभवात इंटर्नला नजरेत भरवणारी याहून स्वस्त गोष्ट नाही. टीममधले जुने लोकही अशा प्रश्नांवर आपापसांत एकमत नसलेले निघतात, आणि मग तुमचंच पान सगळ्यांना वाटलं जातं.

इतकं झाल्यावर स्वतःची परीक्षा घ्या. आठवड्यापूर्वी काढलेला एखादा छोटा भाग निवडा, जुना लेअर (काढलेल्या आकारांचा थर) बंद करा आणि तीच घरं पुन्हा काढा. मग दोन्ही लेअर एकमेकांवर ठेवून, दोन्हींत सामाईक असलेलं क्षेत्रफळ भागिले दोन्ही मिळून व्यापलेलं क्षेत्रफळ, असा आकडा प्रत्येक घरासाठी काढा. तंतोतंत जुळलं तर १, अजिबात नाही तर ०. मशीन लर्निंगवाले यालाच आयओयू म्हणतात आणि त्यांचं मॉडेल याच मापाने तोलतात. तुमचा स्वतःशीच आकडा कुठे कमी येतो ते बघा: लहान घरं, झाडाखालची घरं, की दाटीवाटीची वस्ती? शेजारी दुसरा इंटर्न असेल तर त्याच्याशी अदलाबदल करा. दोन माणसांतला फरक बघितला की 'अचूक' या शब्दाबद्दलचा बराच भ्रम उतरतो.

पायथनचं म्हणाल तर ते इथूनच सुरू होतं. व्हिडिओ बघून, दुसऱ्याच्या उदाहरणावर शिकलेलं पायथन टिकत नाही. तुमच्यासमोर स्वतःचा, रोज वाढणारा, चुका असलेला डेटा आहे. यापेक्षा चांगलं साहित्य कुठे मिळणार? जिओपांडाज (नकाशाच्या डेटासाठीची पायथन लायब्ररी) घ्या आणि तुमच्या दिवसाच्या फाइलला चार प्रश्न विचारा. कुठला पॉलिगॉन स्वतःलाच छेदतो का? तेच घर दोनदा काढलं गेलंय का? शेजारची घरं एकमेकांवर चढलीत का? एखादी चिंधी राहिलीय का? ही शेवटची गंमत बघा. स्नॅपिंग (कडा आपोआप एकमेकींना चिकटवणारी सोय) बंद राहिलं की दोन घरांच्या मध्ये अरुंद पट्ट्या तयार होतात, त्यांना स्लिव्हर म्हणतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण आकड्यांना दिसतात. क्षेत्रफळाला ४π (४ पाय) ने गुणा आणि परिमितीच्या वर्गाने भागा. वर्तुळाला १ येतो, चौरसाला ०.७८५. एक मीटर रुंद आणि २० मीटर लांब पट्टीला जेमतेम ०.१४. म्हणजे ०.३ च्या खालचे सगळे पॉलिगॉन बाजूला काढून डोळ्यांखालून घातले की काम झालं. त्यात एखादी खरीखुरी लांबोडकी शेड सापडेल, म्हणून थेट डिलीट करू नका. ही सगळी स्क्रिप्ट पन्नास ओळींच्या आत बसते. कोडिंग अगदीच नवं असेल तर क्यूजीआयएसमधला टोपॉलॉजी चेकर (आकारांतल्या अशा चुका शोधणारं साधन) आधी वापरा, म्हणजे स्क्रिप्टने काय शोधायचं हे कळेल.

आता फाइलच्या पुढच्या प्रवासाकडे या. सुपरवायझरला एक साधा मेल टाका. भाषा अशी ठेवा (फूटप्रिंट म्हणजे इमारतीचा जमिनीवरचा आकार, ॲट्रिब्यूट म्हणजे त्या आकाराला जोडलेली माहिती): 'सर, महिनाभर फूटप्रिंटचं काम करतोय. माझ्या फाइलवर क्यूसीमध्ये काय चुका निघाल्या ते बघायला मिळेल का? आणि आठवड्यातून एक दुपार पुढच्या टप्प्यात, म्हणजे डेटा एकत्र करणं किंवा ॲट्रिब्यूट जोडणं, यात कोणासोबत बसू शकतो का? रोजचं ठरलेलं काम पूर्ण करूनच बसेन.' शेवटचं वाक्य विसरू नका. 'मला पायथन शिकवा' असं लिहाल तर समोरच्याला ते वाढीव काम वाटेल. 'सोबत बसू द्या' याला नाही म्हणणं कठीण असतं.

पुढच्या टप्प्यात बसायला मिळालं तर नजर कशावर ठेवायची? मला विचाराल तर सगळ्यात आधी कोऑर्डिनेट सिस्टीमवर, म्हणजे जागा कोणत्या आकड्यांत सांगितली जाते त्या पद्धतीवर. जीआयएसमधल्या ज्या चुका शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाहीत, त्यांतल्या बऱ्याच इथे जन्मतात. दोन लेअर एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून कोणीतरी लेअरवर उजवी क्लिक करून प्रोजेक्शनचं (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या पद्धतीचं) नाव बदलून टाकतं. पण नाव बदलणं वेगळं आणि रूपांतर करणं वेगळं. पहिल्यात आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ फक्त बदलतो. दुसऱ्यात आकडेच नव्याने मोजले जातात. डेटावर चुकीचं लेबल असेल तरच पहिलं करायचं. एरवी नेहमी दुसरं. हा एक फरक नीट समजला असेल, तर मुलाखतीत तुम्ही निम्म्या उमेदवारांच्या पुढे असता, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते.

अक्षांश-रेखांशातला डेटा म्हणजे बहुधा डब्ल्यूजीएस ८४, ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी म्हणजे कोऑर्डिनेट सिस्टीमचा यादीतला क्रमांक). यात अंतराचं एकक अंश आहे. नवशिका शाळेभोवती ५०० मीटरचा बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) काढायला जातो, ५०० असं टाइप करतो, आणि ५०० अंशांचा बफर साऱ्या पृथ्वीला गुंडाळून उरतो. ती चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक वेब मर्केटरची, ईपीएसजी ३८५७. ऑनलाइन बेस मॅप याच प्रोजेक्शनमध्ये येतात, म्हणून प्रोजेक्टही नकळत त्यातच राहतो. त्यात विषुववृत्तापासून दूर जाल तसं सगळं फुगत जातं: २० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के जास्त, ४५ अंशांवर दुप्पट, ६० अंशांवर चौपट. नकाशा दिसायला व्यवस्थित असतो, आकडे मात्र खोटे. क्षेत्रफळ किंवा अंतर मोजायचं तर आधी यूटीएमसारख्या, मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणा. तिचे ६० झोन, प्रत्येक ६ अंश रुंद; तुमचा प्रदेश दोन झोनच्या सीमेवर असेल तर पुन्हा वेगळा विचार, तिथे टीमने काय ठरवलंय ते विचारा. झटपट खात्री करायची असेल तर इमेजमध्ये एखादं ॲथलेटिक्सचं मैदान शोधा. आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटरची असते. ती मोजून ४२५ येत असेल तर काय झालंय हे तुम्ही आता ओळखाल.

ॲट्रिब्यूटच्या जोडणीत दुसरी मोठी गळती असते. गावांची लोकसंख्या एका तक्त्यात, सीमा दुसऱ्या लेअरमध्ये, आणि जोडायला हाताशी फक्त गावाचं नाव. स्पेलिंग जुळत नाही, एकाच नावाची दोन गावं निघतात, शेवटी एक मोकळी स्पेस राहिलेली असते. कोडवर जोडायला जावं तर स्प्रेडशीटने कोडच्या सुरुवातीचे शून्य खाल्लेले. जोडणीनंतर नकाशावर काही भाग रिकामे दिसले की लोक ते 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून रंगवून मोकळे होतात. जोडणीआधी किती ओळी होत्या आणि नंतर किती जुळल्या, हे मोजायची सवय लावून घ्या. कंटाळवाणं आहे, पण याच सवयीसाठी लोक पगार देतात.

फिल्डवर जायला मिळालं तर नक्की जा. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथे भरवसा नाही. रस्त्यालगतचा विजेचा खांब या बाजूला की त्या बाजूला हे अशा पॉइंटवरून ठरत नाही. सेंटिमीटरची अचूकता हवी तर आरटीके (जवळच्या स्थिर रिसीव्हरकडून दुरुस्ती घेणारं जीपीएस) लागतं. आणि मग तुमच्या इमेजवरची इमारत आणि फिल्डवरचा पॉइंट जुळले नाहीत, तर दोन्हींपैकी कोण चुकलंय हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाशी झुंजताना तुम्ही जे शिकाल ते कुठल्याही कोर्समध्ये नाही.

शेपफाइलबद्दल, म्हणजे नकाशाचा डेटा साठवायच्या जुन्या फॉरमॅटबद्दल, फार लिहित नाही. एवढंच की ती एक फाइल नसते, निदान तीन असतात, आणि पीआरजे (प्रोजेक्शनची फाइल) धरून चार. मेलमध्ये फक्त एसएचपी (आकारांची फाइल) जोडून पाठवणारा इंटर्न दर वर्षी एक तरी भेटतो. कॉलमचं नाव दहा अक्षरांत तुटतं, आकार दोन जीबीच्या पुढे जात नाही. २०१४ पासून जिओपॅकेज हा एकाच फाइलचा फॉरमॅट आहे, निवड तुमच्या हातात असेल तिथे ते वापरा.

आता एआय. तुमची भीती अगदीच निराधार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे साडेबारा कोटी इमारतींचे फूटप्रिंट मॉडेलने काढून खुले केले, गूगलने २०२१ मध्ये आफ्रिकेसाठी तसंच काही केलं. म्हणजे मोकळ्या जागेतली सुटी सुटी घरं हाताने काढायचे दिवस सरत आलेत, हे खरं. पण हे निकाल एकदा क्यूजीआयएसमध्ये उघडून बघा. एकमेकांना चिकटलेली घरं एक होतात, कोपरे गोल होतात, उन्हात चमकणारा मोकळा खडक घर ठरतो. मॉडेल शिकवायला हाताने काढलेले नमुने लागतात आणि निकाल तपासायलाही लागतात. छत की पाया, चार घरं की एक, हे ज्याने स्वतः हजार वेळा ठरवलंय, तोच मॉडेल कुठे चुकणार हे आधी सांगू शकतो. ज्याने फक्त बटण दाबलंय त्याला ते सांगता येत नाही. तुमच्याच भागासाठी असा खुला डेटा मिळत असेल तर तो तुमच्या लेअरशी ताडून बघा, वर सांगितलेल्या आयओयूने. मॉडेलने गाळलेली घरं वेगळी मोजा, नसलेली घालून ठेवलेली वेगळी मोजा. सरासरीच्या एका आकड्यात या दोन्ही चुका लपतात.

रेझ्युमेकडे येते. 'डिजिटायझिंगचा तीन महिन्यांचा अनुभव' या ओळीवर माझी नजर थांबत नाही, खरंच सांगते. त्याऐवजी असं काही असेल तर थांबते: '५० सेंटिमीटर इमेजवरून इमारतींचे फूटप्रिंट काढले, अवघड प्रसंगांसाठी टीमचे नियम लिहिले, ओव्हरलॅप आणि स्लिव्हर शोधणारी पायथन स्क्रिप्ट बनवली, पुन्हा काढून स्वतःच्या कामाची जुळणी मोजली.' यातलं एकही काम तुम्हाला आज दिलेल्या कामाच्या बाहेरचं नाही. मुलाखतीत मी एक प्रश्न हटकून विचारते. नकाशावरच्या कुठल्यातरी आकड्यावर बोट ठेवते आणि म्हणते, हा बरोबर आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? 'सॉफ्टवेअरने काढलाय' हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. सॉफ्टवेअर ५०० अंशांचा बफरही तेवढ्याच आत्मविश्वासाने काढून देतं.

पोर्टफोलिओसाठी मात्र ऑफिसचा डेटा घरी नेऊ नका. एक स्क्रीनशॉटसुद्धा विचारल्याशिवाय नाही. इमेजचं लायसन्स असतं, क्लायंटशी करार असतो, आणि अशी उचललेली फाइल मुलाखतीत दाखवणारा उमेदवार उद्या आमचीही उचलेल, असंच समोरच्याला वाटतं. पद्धत तुमची आहे, ती न्या. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर एखादा छोटा भाग निवडून तीच तपासणी तिथे करा. तो डेटा श्रेय देऊन वापरता येतो, आणि तिथे ट्रेस करायला परवानगी असलेल्या इमेजही एडिटरमध्येच मिळतात. सेंटिनेल-२ हा उपग्रहाचा डेटा मोफत आहे म्हणून त्यावर घरं काढायला जाऊ नका, त्याचा सगळ्यात बारीक पिक्सेल १० मीटरचा. आपलं मघाचं घर त्यात एका ठिपक्यात संपेल. पिकं, पाणी, जंगल यांसाठी तो उत्तम. वर्षानुवर्षांचा बदल दाखवायचा असेल तर लँडसॅट उपग्रहांच्या इमेजचा साठा १९७२ पासूनचा आहे आणि २००८ पासून सगळा मोफत खुला झाला. पण विषय एकच निवडा. सात अर्धवट नकाशांपेक्षा एक पूर्ण, ज्याच्या खाली डेटाची तारीख, प्रोजेक्शन आणि किती चूक असू शकते याचा अंदाज लिहिलाय, तो दाखवा.

आर्कजीआयएस की क्यूजीआयएस, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ऑफिसमध्ये आर्कजीआयएसचं लायसन्स असेल तर ते आहे तोवर वापरून घ्या, घरी क्यूजीआयएस टाका. एक आलं की दुसऱ्यात मेनू शोधायला थोडे दिवस लागतात, इतकंच. यावर वाद घालणाऱ्यांत वेळ घालवू नका.

तर या आठवड्यात स्पेसिफिकेशन मागा आणि तो मेल पाठवा. काय उत्तर येतं ते कळवा, मग थांबायचं की निघायचं यावर नीट बोलता येईल. दहा दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर तेही कळवा.